धर्माजीची खांड

अख्ख्या पेण तालुक्यात आमच्या गावाइतकं निर्दोष गाव नसेल. इथं चूक कुणाची नसतेच. गाय आटली तर दृष्ट लागलेली असते, सून माहेरी निघून गेली तर ग्रह फिरलेले असतात, आणि काळूराम पाटील भजनात बेसूर झाला तर खाडीवरची हवा. अशा गावात धर्माजी म्हात्रे एकटाच आपली चूक आपल्याला द्या म्हणत दारोदार फिरला.

आमची भातशेती समुद्राकडून हिसकावलेली, मध्ये फक्त मातीचा बांध. अमावास्या-पुनवेला उधाण आलं की घरटी एकाने पाळीने तो राखायचा. १९५२च्या श्रावणी अमावास्येला पाळी धर्माजीची होती. सकाळीच त्याला बांधात खेकड्याचं बीळ दिसलं. दोन पाट्या चिखल थापला असता तर भागलं असतं. पण पलीकडच्या गावात बहिणीच्या मुलाचं बारसं. जेवून येऊ आणि लिंपू, असं म्हणून तो गेला. दुपारच्या भरतीने त्या बिळातून बांध फोडला. बैलगाडी जाईल एवढी खांड पडली आणि खारं पाणी साऱ्या भातात शिरलं. पुढं पाच वर्षं त्या जमिनीत दाणा उगवला नाही.

गाव देवळात जमलं. पाटलाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवून कौल लावला. यात माणसाचा दोष असेल तर उजवी पाड, नसेल तर डावी. डावी पडली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, कारण पाळी टाकून घरी जेवायला जाणं कुणी केलं नव्हतं? आज धर्माजीला धरलं तर उद्या आपल्याला धरतील. हे मी सांगतोय, गाव सांगणार नाही.

धर्माजी उभा राहिला. "मी बील बघितला व्हता. बघून गेलो."

"बस खाली," पाटील म्हणाला. "देवीपरीस तुला जास्त कलतं?"

"देवी बारशाला न्हाय गेली, पाटील. मी गेलतो."

लोक हसले. पुढं महिनाभर तो घरोघर जाऊन तेच सांगायचा. घरची माणसं त्याला पाटावर बसवायची, चहा द्यायची आणि म्हणायची, "नशिबात होता, धर्माजी. दुसरा काय?" तो चहा तसाच ठेवून उठायचा.

शेवटी, खांड बुजवून झाल्यावर, त्याने बांधावरच खोप घातली. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. दर उधाणाला तो एकटाच सगळ्यांच्या पाळ्या राखायचा. गाव खूश. "देवीनंच लावलाय त्याला राखणीला," म्हणायचे. बघा, चूक देवीची आणि राखणही देवीची. धर्माजीच्या वाट्याला उरला तो चिखल. लोक बांधावरून जाताना "बरा हाय ना?" विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत पुढं गेलेले असायचे.

अठ्ठावन्न साली मीठ धुऊन गेलं आणि बायजाच्या तुकड्यात पहिलं भात पिकलं. बायजा विधवा. तिचं शेत जुन्या खांडीच्या तोंडाशी. मधली वर्षं तिने मिठागरावर पाट्या वाहिल्या. कापणीच्या दिवशी ती विळा घेऊन तडक खोपीपाशी आली.

"मिठानं माजे पाय फुटले. ते देवीनं न्हाय फोरले, धर्माजी. तू फोरलेस."

"व्हय, बायजा."

"मी मापी देनार न्हाय."

"नको देऊस," तो म्हणाला.

ती निघून गेली. त्या संध्याकाळी धर्माजी माझ्या ओटीवर आला, न बोलावता. इतक्या वर्षांत मी त्याला असा बघितला नव्हता, एखाद्याला घर सापडावं तसा. सगळं सांगून म्हणाला, "एक मानूस तरी माज्यावं रागावलाय."

आता मी गप्प बसायचं की नाही? पण थट्टा सुचली की मला ती गिळता येत नाही. मी म्हणालो, "अरे, बायजाच्या तोंडून देवीच बोलली असंल."

त्याचा चेहरा विझला. चहा तसाच ठेवून तो उठून गेला.

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग बांधावर गेलो. तो चिखल कालवत होता. म्हटलं, "धर्माजी, त्या दिवशी चुकलं माझं. तुझं दुखणं ठाऊक असून बोललो."

त्याने मान वर केली नाही.

"जाव दे," म्हणाला. "तुजा काय दोष?" आणि पाटी उचलून बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला निघून गेला.