क्लेमचा हात

यारबुंडीत गाडी चालवायची तर लायसन्सच्याही आधी एक गोष्ट अंगात असावी लागते: समोरून येणाऱ्याला सलाम करणं. चाक न सोडता तर्जनी तेवढी वर उचलायची, झालं. समोरचा ओळखीचा असो, नसो. नसला तर अगत्याने, कारण मग तो कोण होता यावर रात्रीच्या जेवणापर्यंत बोलता येतं. क्लेम हॅनिफोर्डचं मात्र एका बोटावर कधी भागलं नाही. तीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली होती, गावातली निम्मी डोकी त्याच्या आरशात बघत लहानाची मोठी झालेली. त्यामुळे तो अख्खा हात चाकावरून काढायचा, हॅटच्या कडेला लावायचा आणि सावकाश जागेवर आणायचा. हे होईस्तोवर समोरची गाडी पुढच्या गावात पोचलेली असे.

पंच्याऐंशी पूर्ण झाली की गाडीची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. ती घ्यायला मोठ्या गावाहून एक बाई आली. मुख्य रस्ता संपेपर्यंत तिने तिच्या कागदावर एकोणीस रेघा मारल्या. हात चाकावर नाही, एकोणीस वेळा. नापास.

तीस वर्षं एकाही पोराला खरचटू न देणारा माणूस हे गावात कोणत्या तोंडाने सांगणार? त्याने बाईंना सर्दी झाली, परीक्षा पुढे गेली असं उठवून दिलं. खरं फक्त बायकोला, जॉयसला माहीत. आता दुसरी परीक्षा शुक्रवारी होती, आणि यावेळी घसरला तर लायसन्स जमा. जॉयसची नजर अधू झालेली, तिने चाकामागे बसणं सोडलं होतं. यारबुंडीला बस येत नाही, दवाखाना पन्नास किलोमीटरवर. म्हणजे गाव सोडणं आलं. मुलीने, लोरेनने, शहरातल्या तिच्या घरामागे दोन खोल्या रंगवूनसुद्धा ठेवल्या होत्या.

"भिंतींना साईचा रंग दिलाय, बाबा," ती फोनवर म्हणायची.

"छान, छान," क्लेम म्हणायचा, आणि मग तासभर टोमॅटोच्या वाफ्यात जाऊन उभा राहायचा.

सोमवारपासून जॉयसने तालीम सुरू केली. ती शेजारच्या सीटवर विणकामाची सुई घेऊन बसली. क्लेमचं बोट हललं की सुई टपकन बोटावर.

"अगं, तो वॉल होता!"

"वॉल असो नाहीतर बिशप. शुक्रवारपर्यंत तू आंधळा आहेस."

"परीक्षेत असं म्हणालो तर चालेल का?"

पुन्हा सुई बसली.

वॉल ट्रेम्बाथ म्हणजे क्लेमचा चाळीस वर्षांपासूनचा खेळगडी. दर गुरुवारी दोघं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हिरवळीवर लाकडी चेंडू घरंगळवायला जातात आणि कुणाचा चेंडू खुणेच्या जास्त जवळ यावरून भांडतात. सोमवारी वॉलने पिकअपमधून बोट वर केलं, आणि क्लेम दगडी पुतळ्यासारखा समोर बघत निघून गेला. वॉलने आरशात पाहिलं. मागे वळून पाहिलं. मग घरी जाऊन बायकोला म्हणाला, "गेल्या गुरुवारचं अजून मनात धरून बसलाय, हलकट."

क्लेमचं चित्त इतकं सैरभैर झालं होतं, की त्या रात्री त्याने ओल्या कचऱ्याच्या लाल झाकणाच्या डब्याऐवजी रद्दी-बाटल्यांचा पिवळ्या झाकणाचा डबा बाहेर ठेवला. या आठवड्यात कुठला डबा, हे आमच्या गल्लीत कुणी लक्षात ठेवत नाही, क्लेमच्या फाटकाकडे बघतात. मंगळवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा गल्लीभर पिवळी झाकणं ओळीने उभी, आणि लाल डबे आठवडाभर घरात वास मारायला मोकळे.

मंगळवारीच क्लेम आणि जॉयस म्हाताऱ्या माणसांना गरम जेवणाचे डबे पोचवतात. ही म्हातारी माणसं सत्तर-पंचाहत्तरची असतात. एल्सा क्रम्प अठ्ठ्याहत्तरची. तिने डबा घेतला आणि क्लेमला नीट न्याहाळलं.

"डावी बाजू ठीक आहे ना तुझी? हस बघू."

"का?"

"काल बेकरीसमोर मी हात केला, तू ढिम्म. माझ्या भावाचं असंच सुरू झालं होतं."

बुधवारपर्यंत हॅनिफोर्डांच्या दारात तीन झाकलेली भांडी येऊन पडली: जर्दाळू घातलेल्या चिकनची दोन, मॅकरोनीचं एक. गावाच्या मते क्लेमला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. दुसऱ्या मताप्रमाणे जॉयसशी बिनसलं होतं. तिसऱ्या मताने तो गाव सोडून चालला होता आणि आतापासूनच माया तोडत होता. हे तिसरं जॉयसच्या कानावर आलं, आणि त्यात तथ्य असल्यामुळे ते तिला सहन झालं नाही. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात बुधवारी तिची पाळी असते. तिथे उशांचे अभ्रे घडी करता करता तिने दुकानातल्या जोडीच्या ग्वेनला सगळं सांगितलं. कुणाला बोलू नकोस, असं बजावून सांगितलं. यारबुंडीत एखादी गोष्ट जाहीर करायची हीच रीत आहे.

गुरुवारी हिरवळीवर सगळे क्लेमशी फार मायेने वागले. वॉल तेवढा आला नाही. बायको बहिणीकडे गेलेली, आणि श्रवणयंत्र काढून ठेवून तो घरी एकटाच फुगून बसला होता. ग्वेनने त्याला दोनदा फोन केला, घंटी ऐकायला कान कुठे होते?

शुक्रवारी दहाला बाई शेजारच्या सीटवर बसली. क्लेमने आरसे पाहिले, पट्टा लावला, गाडी मुख्य रस्त्यावर घेतली.  रस्त्यावर कुणीच नव्हतं. पोस्टासमोर नाही, बेकरीसमोर नाही, एकसुद्धा गाडी नाही. हात करायचा मोह नको म्हणून अख्खं गाव दारं लावून बसलं होतं. खाटकाच्या दुकानाचा पडदा हलला तेवढाच.

"आज इथे सुट्टी आहे का?" बाईने विचारलं.

"नाही, पोरी. माणसं चांगली आहेत."

बाईला काही कळलं नाही. तिने त्याला चौकातल्या गोल वळणावर न्यायला सांगितलं. उजवीकडच्या गाडीला आधी जाऊ देतो का, हे तिला बघायचं होतं. उजवीकडे एक मॅगपाय पक्षी चालत होता.

"दुसरी गाडी आल्याशिवाय मला हा रकाना भरता येत नाही," ती म्हणाली. "पुन्हा फिरा."

क्लेम फिरला. पुन्हा फिरला. चौथी फेरी सुरू झाली. गावाने मायेने आपली वाट लावली, असं त्याच्या मनात येतंय तोच उजवीकडून धूळ उडवत एक पिकअप आला. वॉल. क्लेमने ब्रेक दाबला, थांबला, त्याला आधी जाऊ दिलं. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. वॉल त्याच्या नाकासमोरून गेला, मान ताठ, बोट चाकाला चिकटलेलं.

बाई रकाना भरत होती. क्लेमचे दोन्ही हात चाकावर होते आणि त्याला वाटलं, लायसन्स वाचलं, पण मग गुरुवारी भांडायचं कुणाशी? वॉलनेच तोंड फिरवलं तर लोरेनच्या खोल्या काय वाईट होत्या?

त्याने डावा दिवा लावला. आरसा पाहिला. गाडी अलगद कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं.

"मी थांबायला सांगितलं नव्हतं," बाई म्हणाली.

"नाही. पण गाडी उभी असताना हात कुठे ठेवायचा, याला काही नियम आहे का?"

बाईने कागद उलटून पाहिला. "नाही."

क्लेमने काच खाली केली, खांद्यापर्यंत हात बाहेर काढला आणि हॅट काढून रस्त्यावर फडकवली. पुढे गेलेल्या पिकअपचे लाल दिवे लागले. खूप वेळ लागलेलेच राहिले. मग वॉलच्या खिडकीतून एक बोट बाहेर आलं. सभ्य बोट नव्हतं ते, पण क्लेमला ओळखीचं होतं.

बाईने पेन टोपणात घातलं. "इतकी व्यवस्थित कडेला घेतलेली गाडी मी वर्षभरात पाहिली नाही," ती म्हणाली आणि सही केली.

त्या रात्री जॉयसने लोरेनला फोन करून सांगितलं, खोल्या भाड्याने दे, बाळ, रंग चांगला आहे.

हे सगळं चांगलंच झालं. फक्त क्लेमने त्यातून भलताच धडा घेतला. आता तो चालत्या गाडीतून कुणालाही हात करत नाही. कुणी दिसलं की दिवा लावतो, कडेला घेतो, हँडब्रेक ओढतो, मग हॅट काढतो. घरापासून बेकरी चारशे पावलांवर आहे. शनिवारी दोघं पाव आणायला नऊला निघाली ती पावणेअकराला पोचली, आणि पाव संपले होते.

"चालत गेलो असतो तर?" जॉयस म्हणाली.

"चालत?" क्लेम म्हणाला. "लायसन्स कशाला काढलंय मग?"