आडवं बाळ

दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी आम्ही गोखिवऱ्याला राहत होतो. नवरा वालीवच्या कारखान्यात कामावर गेला होता आणि मोठा मुलगा शाळेत. दुपारी कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, म्हणून मी मोरीत गेले. तिथे माझ्या हाताला काहीतरी लागलं. इवलीशी, ओली पाच बोटं. बाळाचा हात बाहेर आला होता. मला ओरडताही येईना. मी भिंतीवर तांब्या आपटत राहिले.

शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांनी पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. रिक्षात मला कुशीवर निजवून त्या सारखं एकच सांगत होत्या, "कळ आली तरी जोर नको देऊस गं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ आडवं आहे. ऑपरेशनच करावं लागेल."

"जिवंत आहे का?"

"ठोके लागतायत. पण आता थांबायला नको."

मुलगी झाली, रडलीही. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत काळानिळा पडला होता, तो आठवड्याभरात निवळला. भेटायला येणारे म्हणायचे, "सुटलीस बाई!" मी दुपट्यातला तिचा तो हात पुन्हा पुन्हा चाचपून बघायचे. मुलगी झाल्याचा आनंद मला व्हायला महिना लागला.