वाढप्याची पंगत

वाढपी जेवतो कधी, हे मांडवगण फराट्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्न असो, बारसं असो की दहावा, कंबरेला पंचा खोचून त्यानं एकदा रश्शाची बादली उचलली की शेवटचा माणूस हात धुवायला उठेपर्यंत ती खाली ठेवत नसे. शिरूरच्या वसतिगृहात आम्ही तिघं एका खोलीत होतो: मी केंदूरचा, नाना खुटबावचा आणि हा. तिथंही आमटीचं पातेलं पहिल्या आठवड्यातच यानं ताब्यात घेतलं. आईबापांनी ठेवलेलं नाव चांगलं आहे, पण ते आता आधार कार्डावरच उरलंय.

वाढण्यात त्याचं एक शास्त्र होतं. मी एकदा बुंदीचं ताट घेऊन त्याच्या मागं निघालो आणि प्रत्येकाला "घ्या, घ्या" करू लागलो, तर त्यानं मला बाजूला ओढलं. "तोंडाकडं बघितलं की मानूस लाजतो. हाताकडं बघायचं. हात भात कडंला सारत आसंल तर पोट भरलं. बोटं रिकामी फिरत आसतील तर वाढ, इचारू नगं." मी बँकेत तीस वर्षं काढली, पण माणसं ओळखायला मला शिकवलं ते या एका वाक्यानं.

आणि कुणी "तू बस की आता" म्हटलं, की उत्तर ठरलेलं: "मी मागनं जेवतो." वाढणाऱ्यानं शेवटी बसायचं, ही आपल्याकडची रीतच. त्यामुळे त्या उत्तराचं लोकांना कौतुकच वाटे. मलाही वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या गालात गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं, अर्धा जबडा काढला, नंतर रेडिएशनचे शेकही झाले, आणि डॉक्टरांनी त्याला मोकळं केलं. जीव वाचला म्हणून आम्ही पेढे वाटले. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीच्या लग्नात तो चेहऱ्यावर उपरणं गुंडाळून आला, चार पंगती वाढल्या आणि पाचवीला गायब झाला. स्वयंपाक्याला विचारलं तर म्हणाला, घासही न खाता गेले. मी चिडलो. फोन करून नको ते बोललो. "माझ्या पोरीच्या मांडवातनं उपाशी जातोस? तुझं-माझं संपलं." त्यानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यानंतर दीड महिना मी ताठ्यात राहिलो.

मग एक दिवस त्याच्या घरून वहिनींचा फोन आला. "भावजी, राग धरू नगा. घरातसुदिक दार लावून जेवत्यात. गालाला जाण राहिली न्हाई, घास बाहीर येतो, त्यास्नी कळत न्हाई. दीड वरीस झालं, माझ्याम्होरं पण बसले न्हाईत."

मला माझीच लाज वाटली. माणूस सगळ्या गावाला वाढून, रीतीच्या आडोशाला उपाशी घरी जात होता, आणि मी त्याच्यावर रुसलो होतो. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सोड रं." पण जेवायला ये म्हटलं की फोन कट.

तोड काढली नानानं. तो एमआयडीसीतल्या कोरियन कंपनीत सुपरवायझर. तिथल्या साहेबलोकांसाठी हायवेला एक हॉटेल निघालंय, बुफे असतो. नाना म्हणाला, "तितं समदं मऊ. भाताची पेज, वाफवल्यालं अंडं, सोयाबीनचं पनीर. आन् म्हत्त्वाचं म्हंजी, ते काड्यांनी कसं खायचं हे आपल्यातल्या कुनालाच येत न्हाई."

वाढप्याला आम्ही गाडीत घालूनच नेलं. संध्याकाळचे सात वाजले होते. आम्ही ताटल्या घेऊन वळलो तर हा जागेवर नाही. बघतो तर सूपच्या भांड्यामागं उभा, हातात पळी, आणि रांगेतल्या एका कोरियन साहेबाला वाढतोय! साहेब वाकून वाकून आभार मानतोय. तिथली मुलगी धावत आली. "अंकल, यहाँ सब अपना-अपना लेते हैं."

"व्हय, व्हय. येवढी रांग सरू द्या, मी मागनं..."

नाना तिथंच ओरडला, "वाढप्या, ही पंगत उठनारच न्हाई! लोक येत्यात, जात्यात, दहा वाजस्तवर. तुझं मागनं कवा येनार?"

तो पळीकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता हा दाराकडे जाणार. मी देवाला एवढंच म्हणालो, आजचा दिवस याला बसव.

त्यानं पळी ठेवली. पेजेची वाटी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात बसला, मग उपरणं सोडलं. आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंना बसलो. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, हाताकडे बघितलं. चमचा वर गेला, खाली आला. पेज हनुवटीवर आली असावी, कारण त्यानं रुमाल काढला. तेवढ्यात माझ्या हातातल्या लोखंडी काड्यांतून लालभडक कोबी निसटला आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला. नानाचा शेवयांचा झुबका तर थेट मांडीवर. नाटक नव्हतं, खरंच येत नव्हतं. शेजारच्या टेबलावरची कंपनीतली पोरं हसली, तीही आमच्या दोघांना.

वाढपी आमच्याकडे आळीपाळीनं बघू लागला. "आरं, तुमच्यापरीस माजं बरं चाललंय की," तो म्हणाला आणि हसला. दीड वर्षानं आम्ही त्याचं हसू उघडं पाहिलं, आता वाकडं झालेलं. मग तो उठला, वाटी घेऊन गेला आणि स्वतःला पुन्हा पेज वाढून आणली, वर अंडंही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही.

निघताना त्यानं आम्हा दोघांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नाना त्याला सोडायला गेला.

मी घरी आलो तेव्हा बायको टीव्हीसमोर होती. "काय काय होतं हो जेवायला?"

मला एकाही पदार्थाचं नाव आठवेना. "तो जेवला," मी म्हणालो.

तिनं टीव्ही बंद केला. "पोटभर?"

"दोन वाट्या."