कॅमेऱ्याचं झाकण

माझी आई अमरावतीत मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. सकाळी दोनशे पोळ्या, संध्याकाळी दोनशे. वसतिगृहाच्या मागच्या भिंतीला लागून एक खोली होती, तिथं आम्ही राहायचो. वडील अकोल्याला एका जिनिंगमध्ये कामाला होते. आठवड्यातून एकदा यायचे, तेव्हा त्यांच्या भुवयांनासुद्धा कापूस चिकटलेला असायचा. खोलीतला पंखा लावला की दिवा मंद व्हायचा, म्हणून अभ्यास असला की पंखा बंद. मे महिन्यातल्या अमरावतीत हे कसं होत असेल, ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. शेवटी आईनं मला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बसवायला सुरुवात केली. तिथं ट्यूबलाइट होती. कणकेच्या पिंपावर एक फळी टाकली की माझं टेबल तयार. आई लाटता लाटता विचारायची, "जमलं काय वं?" तिला स्वतःला चौथीपुढचं काही येत नव्हतं, पण गणित अडलंय हे तिला माझ्या मानेवरून कळायचं.

त्या फळीवर मी बारावी केली. अकोल्याला इंजिनिअरिंग केलं. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी कुठंही मान ताठ ठेवून सांगते, आणि पुढचं जे सांगणार आहे ते सांगूनही तो अभिमान कमी करणार नाही. पण पुढचंही सांगायला पाहिजे.

आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी स्टेजवर चढून म्हणाले, "मले असं वाटते..." आणि सभागृह हसलं. पुढच्या वर्षी मी 'मला असं वाटतं' म्हणाले आणि बक्षीस घेऊन आले. आईनं तो कप वसतिगृहातल्या एकेका मुलीला दाखवला. "माही पोट्टी पुस्तकावानी बोलते," म्हणायची. त्याच वर्षी कधीतरी मी तिला माय म्हणायचं सोडून आई म्हणू लागले. तिनं कधी विचारलं नाही, काहून म्हणून.

नोकरी आधी पुण्यात आणि मग जर्मनीत लागली. तिथल्या माझ्या दोन खोल्यांत माणूस एक आणि यंत्रं फार. फरशी झाडणारं गोल यंत्र, ऑफिसातली सगळी गडबड गिळून टाकणारे हेडफोन, आणि तासभर बसून राहिलं की 'उभी राहा' म्हणून मनगटाला टोचणारं घड्याळ. हे घड्याळाचं मी आईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "घडी तुले उभं राहाले सांगते? आमाले त जलमभर कोणी बस म्हणलं नाई वं!"

आई-बाबांसाठी मी एक स्क्रीन घेतली, पाटीएवढी, टेबलावर ठेवायची. तशीच एक माझ्या स्वयंपाकघरात. आईचे हात कायम पिठात, बटण दाबायची पंचाईत. म्हणून मी सोय अशी केली की तिनं नुसता आवाज दिला तरी माझ्याकडची स्क्रीन आपोआप सुरू व्हायची. उचलायची गरजच नाही. मला या सोयीचं कोण कौतुक! आई तर शेजारणींना बोलावून दाखवायची, "पाह्य, पोट्टीच्या घरात शिरून दाखवतो तुले."

एका रविवारी दुपारी ऑफिसातले चार जण माझ्याकडे जेवायला आले होते. सगळे मराठी, दोघं पुण्याची. त्यातली एक माझी चांगली मैत्रीण. भात वाढत होते, तेवढ्यात स्क्रीन उजळली. आईचं कपाळ आणि वर फिरणारा पंखा, एवढंच दिसत होतं. आवाज मात्र खणखणीत.

"काहून वं, काय करून राह्यली? जेवली का नाई? अन् ते तुहं झाडणारं कासव दुरुस्त झालं काय?"

टेबलावरचे सगळे स्क्रीनकडे वळले. मग मैत्रीण फिसकन हसली. "अगं, कोण ही? कसली भारी बोलते! मालिकेत घेतील हिला."

मी स्क्रीनवरचं कॅमेऱ्याचं झाकण सरकवलं आणि म्हणाले, "घरी स्वयंपाकाला बाई आहेत ना, त्या. आईबाबांच्या स्क्रीनशी खेळत बसतात."

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ. पण सगळे हसत होते, आणि त्या हसण्यात मी त्यांच्या बाजूची झाले होते. मी आणखी पुढं गेले. कमरेवर हात ठेवला आणि आवाज काढला, "काहून वं बाई, मले भात वाढतं का नाई? भूक लागून राह्यली न मले!" टेबल हादरेपर्यंत हसले सगळे. कुणीतरी म्हणालं, "परत कर, परत कर." मी परत केलं.

दिवसभर संगणकासमोर बसणारी मी. ते झाकण फक्त कॅमेऱ्याचं आहे, आवाजाचं नाही, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर स्क्रीन कधी आपोआप उजळली नाही. मीच फोन करायचे. आणि आईचं बोलणं बदललं होतं. "मी बरी आहे. तुला वेळ असेल तेव्हा फोन कर." मला आधी नवल वाटलं आणि मग, खरं लिहायचं तर, बरं वाटलं. आता कुणासमोरही फोन घेता येईल, असं मनात आलं. फक्त मधेच ती काहीतरी विचित्र बोलायची. "काल बाजारात गेला होते. तुझ्या बाबांचे कपडे धुतला." मी विचारायचे, "काय गं आई, कोण गेला?" ती लगेच म्हणायची, "ठेवते."

एक दिवस वडिलांनी फोन उचलला. जिनिंग सुटल्यापासून ते घरीच असतात. आई बाजारात गेली होती.

"तुले एक विचारू?" ते म्हणाले. "आपल्या घरी स्वयंपाकवाली कधी लागली?"

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"ते पडद्यावर अंधार झाला होता फक्त," ते म्हणाले. "बाकी सारं आयकू येत होतं. तुही माय रोज बातम्या लावते अन् बातम्या देणाऱ्या बाईच्या मागं मागं बोलते. जिथं 'ले' येईल तिथं 'ला' करते. मी म्हणलं, बये, 'भांडे घासले' हे बरोबरच हाय. त म्हणते, तुमाले काय समजते, तुमी चूप राहा."

मी एप्रिलची सुटी काढून आले. नागपूरहून बसनं. तिवसा गाव मागं पडलं तसं गाडीत सगळीकडून तेच बोलणं कानावर येऊ लागलं. "सरका न बावा मांगं, काहून दारात उभे राह्यले?" शेजारच्या बाईनं मला खिडकी उघडायला सांगितली. मी म्हणाले, "उघडत नाहीये हो, अडकलीये." ती मला खालीवर न्याहाळत म्हणाली, "पुण्याच्या काय तुमी?" मी नाही म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही.

आता आमचं घर दोन खोल्यांचं आहे. आई दारात उभी होती. "ये. प्रवास कसा झाला? मी तुझ्यासाठी वांगे भाजला." टेबलावरची स्क्रीन भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. वर क्रोशाचा रुमाल.

मी पायही धुतले नाहीत. चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, ती भाकरी थापत होती, तिथं जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, नक्कल दोनदा केली तेही.

ती थापतच राहिली. मग म्हणाली, "स्वयंपाकवाली म्हणाली, त त्यात खोटं काय? जलमभर तेच केलं मी."

"तसं नाही आई..."

"मले त्याचं काई वाटलं नाई." दोन महिन्यांनी पहिल्यांदा 'मले' आलं, तिच्याही नकळत. "तू माही नक्कल केली, अन् ती इतकी बराबर होती, मले वाटलं मीच बोलून राह्यली. अंधारात बसून मी इचार केला, हिले सारं येते. सारं बोलता येते. लोकांले हासवाले बोलते. फक्त माह्यासंग बोलत नाई."

मी रडले, ती रडली नाही. तव्यावरची भाकरी करपली. ती तिनं कुत्र्यासाठी बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "एक सांग बरं. त्या पुण्याच्या बाया म्हणतात, मी गेले, मी जेवले. आपण म्हणतो, मी गेली, मी जेवली. म्हणजे तठी त्यायचं 'ले' चालते. मग माहं 'मले' काहून नाई चालत?"

मी इंजिनिअर. आठवीत भाषेचं बक्षीस घेतलेली. मला सांगता येईना.

"नाई न येत?" ती म्हणाली. "मलेबी नाई आलं. दोन महिने डोक्स फोडून राह्यली मी." आणि हसली. पूर्वीइतकं नाही, पण हसली.

परत गेल्यावर एका रविवारी त्याच चौघांना मी जेवायला बोलावलं. पानं वाढून झाल्यावर मी स्वतःच स्क्रीन लावली. पलीकडं पंखा आणि कपाळ दिसलं. मी म्हणाले, "ही माझी माय. मागच्या वेळी बोलत होती ती हीच. घरी स्वयंपाकाला दुसरी कुणी बाई नाही. मी खोटं बोलले होते."

कुणी हसलं नाही. मैत्रिणीचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी तुझ्या आईला..." स्क्रीनमधून मायचा आवाज आला, "अवं जाऊ दे. तू जेव आधी. भात थंडा होऊन राह्यला."

त्या दिवशी मी तिच्याशी सगळ्यांसमोर बोलले. माझं वऱ्हाडी आता अडखळतं, नक्कल करताना अडखळत नव्हतं. पहिल्या दहा वाक्यांत दोनदा 'मला' निघालं. मायनं दोन्ही वेळा टोकलं.

माझ्या स्क्रीनचं कॅमेऱ्याचं झाकण आता उघडंच असतं. मायकडची स्क्रीन भिंतीकडून पुन्हा खोलीकडं वळली आहे. गेल्या आठवड्यात ती तीनदा न विचारता माझ्या घरात आली.