एका नावावरची दुखणी

माझं घर सांगलीजवळ, माधवनगरला. म्हसवडच्या पलीकडच्या त्या वाडीत मी नर्स म्हणून दोन वर्षं काढली ती निव्वळ हट्टानं. "कशाला जातेस त्या माळावर?" असं घरातल्या प्रत्येकानं विचारलं होतं, म्हणून जास्तच.

ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत केंद्र होतं. एक पडदा, एक कॅमेरा, औषधांचं कपाट आणि मी. डॉक्टर सांगलीत बसायचे आणि इथं पडद्यावर दिसायचे. पेशंट खुर्चीत बसला की मी रक्तदाब घ्यायचे, छातीला यंत्र लावायचे आणि डॉक्टर तिकडून ऐकायचे. एका नावाला दिवसातून एकच कॉल, आठ मिनिटांचा. पेशंटला सगळं फुकट. केंद्र चालवणाऱ्या संस्थेला मात्र जितके वेगवेगळे पेशंट पडद्यासमोर बसतील, तितकेच पैसे मिळायचे. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान हलवली आणि विसरून गेले.

वाडीला वेगळंच परवडत होतं. केंद्र दहा ते चार उघडं, म्हणजे तिथं येऊन बसायचं तर रोजगार बुडवायचा. मग त्यांनी बाजाराची रीत इथंही लावली. म्हसवडच्या बाजाराला जी जाईल तिनं साऱ्या आळीचं मीठमिरची आणायचं, तशा शेळ्या राखणाऱ्या एक मावशी साऱ्या आळीची दुखणी घेऊन यायच्या.

खुर्चीत बसल्या की सुरू. "खालच्या घरातल्या पोरीला जुलाब हायती, दोन दिस झालं. थोरल्या जावंचा खोकला काय जाईना. आन् म्हाताऱ्याचा गुडघा लय ठणकतुय."

संगणक एकच नाव मागायचा, समोर बसलेल्या माणसाचं. मी मावशींचं टाकायचे. नियमाच्या बाबतीत मी पहिल्यापासून खडूस. डॉक्टर हसून म्हणायचे, "या मावशींना जुलाबही आहेत, खोकलाही आहे आणि त्यांचा एक गुडघा ऐंशी वर्षांचा आहे!" मीही हसायचे. दिवसभरात तेवढंच काय ते हसणं व्हायचं.

चारला पडदा काळा झाला की माझ्याशी बोलणारं कुणी उरायचं नाही. घरी फोन लावला तर पहिला प्रश्न "मग, येतेस ना परत?" म्हणून मी लावायचेच नाही. भाकरी थापताना स्वतःशीच मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. फार एकटं वाटायचं मला तिथं, पण ते कबूल करायचं म्हणजे घरच्यांपुढं हार मानायची.

मावशी उठताना कधीकधी घुटमळायच्या. "माजं बी एक व्हतं..."

तोवर वेळ संपलेला असायचा. "पुढच्या खेपेला तुमचं आधी," मी म्हणायचे. पुढच्या खेपेला पुन्हा पोरीचे जुलाबच आधी यायचे.

एक दिवस संस्थेचे साहेब आले. "सिस्टर, तुमच्याकडे पेशंटच नाहीत. केंद्र परवडत नाही आता."

"पेशंट नाहीत? अख्खी वाडी माझ्याकडून औषध नेते!" मी भडकले.

त्यांनी शांतपणे नोंदी उघडून दाखवल्या. "कुठंय वाडी? एकच बाई आहे, पुन्हापुन्हा." माझ्याच नोंदी होत्या, एकीतही चूक नव्हती.

शेवटच्या दिवशी पडदा काढून खोक्यात भरला. मी कपाट आवरत होते. तेवढ्यात मावशी आल्या, पहिल्यांदाच कुणाचं काही न आणता. खुर्चीत बसल्या आणि समोरच्या मोकळ्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"डाक्टर न्हाईत व्हय?"

"नाहीत मावशी. केंद्रच बंद झालं."

त्यांनी माझा हात धरला आणि पदराखाली, काखेजवळ नेऊन ठेवला. "हितं बगा."

गाठ होती. बोराएवढी, टणक, जागची न हलणारी.

"कधीपासून आहे?"

"गेल्या उन्हाळ्यापास्नं. सांगनार व्हते की. पर येळ संपायचा."

मला रडू फुटलं. राग आला तो माझाच. डॉक्टरांची आठ मिनिटं संपत होती, माझा वेळ थोडाच संपत होता? चारनंतर मी भिंतींशी बोलत बसायचे आणि ही बाई दोन घरं सोडून राहायची. मी नर्स. कधी उठून विचारायला गेले नाही.

कागद घेऊन सांगलीच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहिली. दोन वर्षांत मावशींच्या नावापुढं त्यांचं स्वतःचं दुखणं मी पहिल्यांदा लिहीत होते. म्हटलं, "उद्या पहिल्या एसटीनं निघायचं. मी बरोबर आहे. तपासण्या होईपर्यंत माझ्या घरी राहायचं. नाही म्हणायचं नाही."

त्यांनी चिठ्ठीची घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि दारापर्यंत गेल्या. तिथं थांबल्या.

"येते की. पर आवं बाई, म्हाताऱ्याच्या गुडघ्याच्या गोळ्या तितं मिळत्याल न्हवं? आता जातेच हाय, तर घिऊन यीन."