गाडीला न दिसलेली बाई

यांची बदली भुसावळहून जयपूरला झाली आणि आम्ही इथलेच झालो. हे गेले. मुलगा सीतापुऱ्यातल्या एका कारखान्यात साहेब झाला. गेल्या हिवाळ्यात त्याने नवी गाडी घेतली, समोर माणूस आला की आपोआप ब्रेक लावणारी.

एका रविवारी आम्ही डबे घेऊन कानोत्याच्या धरणावर गेलो. जेवणं झाली, गप्पा झाल्या, उन्हं कलली, तेव्हा त्याने गाडी मोकळ्या जागेत नेली आणि सुनेला समोर उभं केलं. गाडी हळूहळू आली, पीं पीं वाजली आणि तिच्यापुढे गचकन थांबली. सून किंचाळली, मग हसत सुटली.

"आई, आता तू."

"मला नको रे. भीती वाटते."

"मतलब माझ्यावर भरवसा नाही?"

माझ्या पाठीला बाक आहे. उभी राहिले तरी मान जमिनीकडेच असते. थंडी म्हणून अंगाभोवती शाल घट्ट गुंडाळली होती, आणि मावळता सूर्य नेमका माझ्या पाठीमागे होता. सून मोबाइल धरून ओरडली, "आई, जरा हसा ना!"

मी मान वर करून हसायला गेले. गाडी वाजलीच नाही. त्याने ब्रेकवर पाय दाबला तोवर मी खाली पडले होते आणि चाक नडगीवर होतं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. उतरल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "तू हललीस कशाला?"

दवाखान्यात त्याने डॉक्टरांना सांगितलं, धरणाच्या पायऱ्यांवरून घसरली. मी कण्हत होते. मला कुणी विचारलं नाही.

आठवडाभराने तो गाडी कंपनीच्या लोकांना दाखवून आला. चेहरा अगदी मोकळा झाला होता. माझ्या खाटेशी बसून म्हणाला, "गाडीत काही खराबी नाही, आई. वाकलेला माणूस, अंगभर गुंडाळलेला, वरून समोर ऊन, असं असलं की कॅमेरा चुकतो म्हणाले. तू त्याला माणूस वाटलीच नाहीस."

सून म्हणाली, "चला, बरं झालं. नाहीतर एवढी नवी गाडी!"

पुढे भुसावळहून बहिणीचा फोन आला. फोन त्यानेच उचलला, पायऱ्यांची गोष्ट रंगवून सांगितली आणि मग माझ्या हातात दिला. ती रडत होती. "ताई, अशी कशी गं घसरलीस?"

मी म्हणाले, "घसरले नाही. ह्याने गाडी घातली माझ्या अंगावर. गंमत बघायला."

तो दारात उभा होता. वळून आत निघून गेला.

त्यानंतर तो माझ्याशी मराठीत बोलला नाही. सकाळी दारातून विचारतो, "माँजी, आपने दवा ली?" शेजारणी म्हणतात, किती अदबीचा मुलगा आहे तुमचा.