गुप्तेसाहेबांची बटणं

शरदचंद्र गुप्ते अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर खात्याचे साहेब होते. खिळ्यापासून पट्ट्यापर्यंत काहीही त्यांच्या सहीशिवाय हलत नसे, आणि स्वतः साहेबांनी पेनापेक्षा जड काही उचललेलं कारखान्यात कुणी पाहिलं नव्हतं. ती सगळी कसर ते रविवारी घरी भरून काढत. घरातली वस्तू खोलायला घेतली की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येई.

स्वातंत्र्यानंतर मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या इंजिनियराची जुनी विलायती गाडी त्यांनी घेतली होती. तिचा डॅशबोर्ड लाकडी. त्यावर ओढायची गोल बटणं ओळीने बसवलेली: दिव्यांचं, वायपरचं, आतल्या दिव्याचं. आणि अगदी कडेला, दाबायचा हॉर्न.

त्रेपन्न साली, मार्गशीर्षात, त्यांच्या वृंदाला बघायला पुण्याहून मुलाचे आईवडील यायचे ठरले. त्यांना कल्याण स्टेशनवरून गाडीतून आणायचं. साहेबांनी गाडी न्याहाळली आणि डॅशबोर्डचं पॉलिश उडालेलं पाहून त्यांना चैन पडेना.

"पाहुणे पुढे बसणार. त्यांच्या नजरेला आधी काय पडणार? डॅशबोर्ड."

"मुलगी घरी आहे," त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई म्हणाल्या.

साहेबांनी ऐकलं नाही. पॉलिश करायचं तर बटणं काढायला हवीत. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्प दोनमधल्या सिंधी मिस्त्रीला बोलवा, असं बाईंनी सुचवून पाहिलं.

"बराकीत राहणारी माणसं माझ्या गाडीला हात लावणार?"

ते स्वतः कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होते, पण ते वेगळं.

बटणाच्या खालच्या बाजूला बारीक भोक असतं. त्यात सुई खुपसून आतली खीळ दाबली की बटण हातात येतं. बाईंच्या शिवणाच्या सुया तीन मोडल्या, पण बटणं आली. मागच्या चकचकीत चकत्या त्यांनी बाईंच्याच कात्रीने फिरवून काढल्या. मग साहेब डॅशबोर्डखाली उताणे शिरले आणि त्यांचे पाय दारातून बाहेर रस्त्याकडे आले. तारांवरचं कापड कधीकाळी रंगीत असेल. आता सगळ्या चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या.

"बाबा, खुणेला दोरे बांधू का?" वृंदाने विचारलं.

"सगळं डोक्यात आहे."

पॉलिश सुंदर वाळलं. बटणं जागेवर बसली. साहेबांनी दिवे लावले, दिवे लागले. वायपरचं बटण ओढलं, तर हॉर्न वाजू लागला. ते आत ढकलून हॉर्न दाबला, तर वायपर एकदा काचेवरून फिरून आला.

बाई मोडक्या सुया गोळा करू लागल्या.

"अदलाबदल झालीय," साहेब म्हणाले. "चालेल. मार्गशीर्षात वायपर लागतो कुठे? आणि हॉर्न कुठे आहे ते मला ठाऊक आहे."

पाहुणे आले त्या दिवशी दुपारपासूनच आभाळ भरलं होतं. दिनानाथराव पुढे बसले, त्यांच्या पत्नी पद्मजाबाई मागे. विठ्ठलवाडी येते न येते तोच सर कोसळली आणि समोरची काच आंधळी झाली. साहेबांनी हॉर्न दाबून धरला, वायपर चालू लागला. पण गिअर बदलायला हात कुठून आणायचा?

"दिनानाथराव, एवढं जरा दाबून धराल का?"

दिनानाथरावांनी अंगठा ठेवला.

"किती वेळ?"

"अंबरनाथपर्यंत."

एवढ्यात पुढे गवताची बैलगाडी आली. साहेबांनी वायपरचं बटण ओढलं. हॉर्न वाजला, बैलगाडी बाजूला झाली. हॉर्न बंद करायला ते बटण ढकलायला गेले, तर ते निखळून हातातच आलं. हॉर्न वाजतच राहिला.

"ओ शेठ, वाजवाचा बंद करा," गाडीवान भिजत ओरडला, "बैल बुजतान माजं."

बॅटरीची तार सोडली असती तर आवाज थांबला असता, हे साहेबांना माहीत होतं. पण बाहेर पाऊस होता आणि कोट नवा होता. उल्हासनगरच्या बाजारातून गाडी बोंबलत निघाली तेव्हा दुकानदार फळीवर येऊन उभे राहिले. दिनानाथराव अंगठा रोवून समोर बघत होते. पद्मजाबाईंनी कानांवरून पदर घेतला होता.

घरी पोचल्यावर शेजारच्याने धावत येऊन तार काढली. पोह्यांच्या वेळी दिनानाथरावांनी चमचा डाव्या हातात धरला. वृंदाला काही विचारायचं कुणाला सुचलं नाही. परत जाताना त्यांनी टांगा बोलावला. गाडी दारातच होती.

आठवड्याने निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

"ग्रहांपुढे आपलं काय चालणार?" साहेब म्हणाले.

"पत्रिका आधीच जुळली होती," बाई म्हणाल्या. "तुमच्या तारा जुळल्या नाहीत."

साहेब दुखावले. दोन दिवस त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही. वृंदा मात्र हसून हसून बेजार झाली होती. अंगठा दाबून बसलेल्या सासऱ्याकडे जन्मभर गंभीर तोंडाने बघायचं आपल्याच्याने झालं नसतं, असं तिने आईला सांगितलं.

पुढच्या वर्षी तिचं ठाण्याला जमलं. त्या पाहुण्यांना आणायला बाईंनी बदलापूरहून आपल्या भावाला बोलावून घेतलं. साहेबांना त्यांनी सकाळीच मागच्या पडवीत बसवलं आणि शेजारच्या बनूबाईंचा बंद पडलेला स्टोव्ह मागून आणून त्यांच्यापुढे ठेवला. पाहुण्यांनी होकार दिल्याचं सांगायला वृंदा मागे गेली, तेव्हा ते स्टोव्हचे भाग पाटावर मांडून, मान तिरकी करून बघत होते.

"छान झालं," ते म्हणाले. "जरा ती सुई दे."